मुकादमची खोली आणि हरवलेली कात्री

सूचना

ही खोली आज मुकादमची आहे.
१. दार उघडू नये.
२. उघडलंच तर लगेच लावावं. लगेच म्हणजे लगेच.
३. पहाऱ्यावरच्या माणसाने जागा सोडू नये.
४. ताटातलं काही आणून देऊ नये. मुकादमचं पोट नाजूक आहे.
५. दोरे, रिबिनी, फुगे आत नेऊ नयेत. तो गिळतो.
६. मुकादमला उचलून फोटो काढू नये.
७. मुकादम दिसला नाही तर ताबडतोब सांगावं. लपवू नये. कोणी रागावणार नाही.

"‘कोणी रागावणार नाही’ हे साफ खोटं आहे!" भोंगा म्हणाला. "तूच पहिली रागावशील!"

"अरे हळू! अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं!"

"मी हळूच बोलतोय!"

भोंग्याचं हळू म्हणजे इतरांची आरोळी. म्हणून तर तो भोंगा. चौकशीने चौथ्या कोपऱ्यावर चिकटपट्टी दाबली आणि दोन पावलं मागे जाऊन कागद सरळ लागलाय का ते पाहिलं. नव्हता लागला.

"तरीसुद्धा लिहायचं," ती म्हणाली. "नाहीतर कोणी सांगतच नाही. गेल्या वर्षी काय झालं?"

"मला जोडाक्षरं येत नाहीत," मागून शेपटी म्हणाली. शेपटी म्हणजे भोंग्याची बहीण, वय वर्षं सहा. हे दोघं जिकडे जातील तिकडे ती मागोमाग असायचीच. "मग मला कुठले कुठले नियम लागू?"

"सगळे!" दोघं एकदम ओरडले.

गेल्या वर्षी काय झालं, ते घरात सगळ्यांना पाठ होतं. दर सुट्टीत एक दिवस सगळं गणगोत आजोबांकडे जेवायला जमतं. पस्तीस माणसं, त्यांच्या चपला, त्यांची मुलं, त्यांचे मोठमोठ्याने हसण्याचे प्रकार. गेल्या वर्षी कोणीतरी पुढचं दार उघडं टाकलं आणि मुकादम गेला. तिसऱ्या दिवशी तो सापडला, तिसऱ्या गल्लीत, एका पत्र्यावर. उजवा कान फाटलेला. कोणी दार उघडं टाकलं, ते आजतागायत कोणी कबूल केलेलं नाही.

मुकादम म्हणजे आजोबांचा बोका. पांढराशुभ्र, म्हातारा आणि ठार बहिरा. आजोबांचा धंदा सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवण्याचा. आता काम काका, म्हणजे भोंग्याचे बाबा, बघतात, कारण आजोबांचे हात थरथरतात. पण सोफा तयार झाला की त्याच्यावर पहिला चढणार मुकादम! या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवणीवरून चालणार, मधोमध बसणार आणि कारागिराकडे असं बघणार, की त्याला वाटावं, काहीतरी राहिलंय बुवा.

हाक मारून तो येत नाही, येणार कसा? आजोबा हातोडीने लाकडावर ठोकतात. ठक. ठक-ठक. पंजांना जमिनीतून ते कळतं, आणि असेल तिथून स्वारी हजर.

या वर्षी आजोबांनी आपल्या बारा वर्षांच्या नातीला समोर बसवलं आणि म्हणाले, "मुकादम तुझ्या ताब्यात. तुला प्रश्न फार पडतात ना? मग त्या प्रश्नांचा जरा उपयोग कर."

चौकशी हे तिचं नाव नव्हतं. पण तिने जन्मल्यापासून इतक्या चौकशा केल्या होत्या की खरं नाव आता फक्त शाळेच्या हजेरीत उरलं होतं.

पहारा: दहा ते बारा

पहाऱ्याची वही तिने स्वतः आखली. पहिली पाळी तिचीच.

मुकादमची खोली म्हणजे कारखान्यामागची लांबट खोली. पस्तीस माणसांची पंगत बसवायची म्हणून काकांनी कारखाना रिकामा केला होता आणि तयार झालेले तीन सोफे या खोलीत आणून ठेवले होते. दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यासाठी. तिन्ही हिरवे, तिन्ही हुबेहूब एकसारखे. उरलेल्या जागेत मुकादमचा संसार: पाण्याची वाटी, वाळूचं घमेलं, आजोबांचा जुना स्वेटर. खिडकी बंद, कडी घट्ट.

दहा वाजता मुकादम स्वेटरवर झोपला होता. अकराला पाहुण्यांच्या गाड्या यायला लागल्या. बाहेर धावणाऱ्या पायांनी जमीन हादरली, तसा तो उठला आणि मधल्या सोफ्याखाली गेला. दाराच्या फटीतून चौकशीला शेपटाचं टोक दिसलं. मग तेही दिसेनासं झालं.

"बसलाय सोफ्याखाली," तिने वहीत लिहिलं. "शहाणा आहे."

पहारा: बारा ते एक

*काहीही घडलं नाही. (भोंगा)*

पहारा: एक ते अडीच

*जेवन झालं. मी दार उघडलं नाही. दोनदा वास घेतला फटीतून. (शेपटी)*

अडीच वाजता

चौकशी औषधाची गोळी आणि मुकादमचं जेवण घेऊन आली. दार एवढंसं उघडलं, आत शिरली, पाठीने दार लावलं. नियम दोन.

आणि तिथेच थबकली.

स्वेटर होता. वाटी होती. घमेलं होतं. सोफे नव्हते!

"सोफे कुठे गेले?"

"सोफे पण पळाले?" दाराबाहेरून शेपटीने विचारलं.

चौकशीने कपाटामागे पाहिलं. कापडाच्या ताग्यांमागे पाहिलं. काथ्याची पोती एकेक हलवली. खिडकीची कडी ओढून बघितली, जशीच्या तशी. मग ती जमिनीवर बसली, हातोडीच्या दांड्याने फरशीवर ठोकलं. ठक. ठक-ठक.

कोणी आलं नाही.

तिने पुन्हा ठोकलं. वाटीतल्या पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठली आणि विरली. बस्स, तेवढंच.

नियम ६

हा नियम दिवसभरात कोणीही मोडला नाही. मोडायला मांजर लागतं.

साक्ष पहिली: काका

(काका पंगतीतली बाकडी उचलत होते. घाम आलेला. दर दोन मिनिटांनी हात कमरेकडे जात होता.)

"काका, खोलीतले सोफे कुठायत?"

"दवाखान्यात. बारा वाजता टेम्पो आला होता."

"पण सुट्टी संपल्यावर न्यायचं ठरलं होतं ना?"

"डॉक्टरीणबाईंचा निरोप आला आयत्या वेळी. आज चारला कुलूप लावून त्या गावाला जातायत. चार दिवसांनी परतणार. सोफे आजच हवेत म्हणाल्या."

"म्हणजे दार उघडलंत!"

"उघडल्याशिवाय सोफे भिंतीतून काढू? अगं, मी स्वतः दारात उभा होतो. हमाल सोफा उचलायचे, मी पाय आडवा घालून उभा. मांजर काय, माशी बाहेर गेली नाही. तुझा तो कागद वाचला मी!"

"तुम्हाला मुकादम दिसला?"

"नाही बुवा. असेल कुठेतरी दडून."

"सोफ्यात नसेल ना गेला? खालून?"

काका हसले. पण हसायच्या आधी क्षणभर थांबले. "खालून जायला खाली भोक नको? तिन्ही सोफे कालच बंद केलेत मी. काळं कापड लावून, पक्के! काल रात्री आजोबांनी विचारलं तेव्हाच सांगितलं त्यांना. आता सरक, बाकडं लागेल. आणि हो, माझी कात्री दिसली का गं कुठे?"

साक्ष दुसरी: आत्या

(आत्या खुर्चीत. मांडीवर एवढी मोठी पिशवी की तीत दोन बोके आणि त्यांचं सामानसुमान मावेल.)

"आत्या, रागावणार नसलीस तर तुझी पिशवी बघू?"

"माझी झडती? अगं बाई! बघ, बघ! लहानपणी तुझ्या काकाने माझ्या पिशवीत बेडूक ठेवला होता, तेव्हापासून मला कशाचंच नवल वाटत नाही."

पिशवीतून निघालं: दोन शाली, लोकरीचे गुंडे, अर्धं सफरचंद, भेटवस्तूचं एक बांधलेलं खोकं, तिसरी शाल. बोका नाही.

"मांजर हरवलंय होय गं?" आत्याचा आवाज एकदम खाली आला. "पुन्हा?"

त्या ‘पुन्हा’नंतर चौकशी तिथे थांबलीच नाही.

नियम ७

मागच्या पायरीवर भोंगा बसला होता. एकटा. आणि गप्प! भोंगा गप्प म्हणजे काहीतरी भयंकरच.

चौकशी त्याच्या शेजारी बसली. त्याने तिच्याकडे न बघता विचारलं, "तू रागावणार नाहीस असं लिहिलंयस ना?"

"प्रयत्न करीन असं ठरवलंय."

"मी जागा सोडली होती. बाबांनी बर्फ आणायला पाठवलं. मी म्हटलं, पहारा आहे. ते म्हणाले, मी उभा राहतो तुझ्या जागी, जा पळ. दुकानात रांग होती. वीस मिनिटं लागली. आलो तर दार बंद होतं, सगळं शांत होतं. मला वाटलं, काय सांगायचं त्यात!" त्याने नाक पुसलं. "आणि वहीत लिहिलं, काहीही घडलं नाही."

चौकशी रागावली. चांगली कानापर्यंत तापली. तिने मनात दहा आकडे मोजले, मग आणखी पाच.

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "म्हणजे बारा ते बारा-वीस काका एकटेच पहाऱ्यावर होते. आता नीट ऐक. मुकादम दारातून गेला नाही. खिडकीतून गेला नाही. खोलीत नाही. मग खोलीतून काय बाहेर गेलं?"

"सोफे."

"तिन्ही बंद होते म्हणे."

"बाबा कशाला खोटं बोलतील?"

"ते मलाही कळत नाहीये."

शेपटी दोघांच्या मध्ये येऊन बसली. जागा नव्हती, तरी बसली. "बाबा केव्हापासून कात्री शोधतायत," ती म्हणाली. "मला दोनदा विचारलं. मी काय त्यांची कात्री खाल्ली?"

चौकशी ताडकन उभी राहिली.

"शेपटे! तू सोन्याची आहेस!"

कात्री

या घरात एक पद्धत होती. आजोबांची. सोफा उलटा करून खालचं काळं कापड ठोकायचं असलं, की शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत हात घालायचा आणि चारी बाजूंनी फिरवायचा. खूप वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या खुर्चीत आजोबांची कात्री राहिली होती आणि कोणीतरी त्या खुर्चीवर धपकन बसलं होतं. पुढचं आजोबा सांगायचे नाहीत. फक्त म्हणायचे, "आधी हात फिरव. मग बंद कर." हात फिरवून झाला, की आतल्या लाकडावर पेन्सिलने सही. ती कोणाला कधी दिसणार नसते. तरीही करायची.

काकांची कात्री कमरेच्या नाडीला अडकवलेली असते. जेवतानासुद्धा. ती कात्री आज हरवली होती.

आणि ज्या खोलीतून, ज्या वेळात बोका हरवला, त्याच खोलीतून, त्याच वेळात कात्री हरवली असेल तर?

"विचारून टाकू ना सरळ!" भोंगा म्हणाला.

"सरळ विचारलं तर सरळ उत्तर येत नाही. एकदा विचारून पाहिलं मी. या वेळी आजोबांसमोर विचारायचं, आणि सोफ्यांबद्दल एक अक्षर काढायचं नाही."

तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. जेवणं पचवत मंडळी कारखान्यात पसरली होती. आजोबा त्यांच्या जुन्या आरामखुर्चीत, हातात थरथरणारा चहाचा कप. चौकशी आत्याचं ते बांधलेलं खोकं घेऊन मधोमध उभी राहिली.

"काका! आत्याने आजोबांसाठी आणलंय, दोरी सुटत नाहीये. तुमची कात्री द्या ना!"

काकांचा हात कमरेकडे गेला. रिकामा परत आला. "अगं, सकाळपासून सापडत नाहीये."

"सकाळपासून कसली?" आत्या मध्येच बोलली. "मी साडेअकराला आले, तेव्हा माझ्या पिशवीचा बंद तुटला होता, तो तूच कापून दिलास की रे!"

"हो, हो. तेव्हा होती."

"मग त्यानंतर काय कापलंत?" चौकशीने विचारलं. अगदी साधेपणाने. शाळेत बाईंना विचारतात तसं.

काका आठवायला लागले. मनापासून. "त्यानंतर... बर्फ आला... नाही, त्याच्या आधी... टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, म्हणून घाईघाईत ते काळं कापड का–"

आणि थांबले.

आजोबांनी कप खाली ठेवला. "कुठलं काळं कापड?"

कारखान्यात एवढी शांतता झाली की भोंग्याचा श्वास ऐकू येत होता. तसा तो एरवीही येतो.

"मधल्या सोफ्याचं," काका म्हणाले. त्यांचा चेहरा सोफ्याच्या आतल्या स्पंजासारखा पडला. "काल एक कोपरा राहिला होता, बाबा. तुम्ही विचारलंत, तेव्हा ‘झाले’ म्हटलं. वाटलं, सकाळी उरकू. आणि सकाळी ही सगळी माणसं, तो हॉर्न... बंदुकीने पिना मारल्या आणि दिला पाठवून."

"हात फिरवलास?"

काकांनी मान खाली घातली.

"तो त्याच सोफ्याखाली शिरला होता," चौकशी म्हणाली. "अकरा वाजता. मी बघितलं. खाली नाही, तो आत शिरला. त्या पिना मारायच्या बंदुकीच्या हादऱ्यांना तो घाबरतो. घाबरला की आवाज करत नाही, मुटकुळं करून बसतो. आणि दवाखान्याला चारला कुलूप लागणार. चार दिवस!"

भिंतीवरचं घड्याळ तीन पस्तीस दाखवत होतं.

रस्त्यात काय काय आडवं आलं

दवाखान्याचा फोन वाजत राहिला. कोणी उचलला नाही.

काकांची व्हॅन फाटकाच्या आत होती. तिच्यामागे मामांची गाडी, मामांच्या गाडीमागे आत्याची, आत्याच्या गाडीमागे आणखी पाच. सगळ्यात शेवटच्या गाडीचा मालक जेवून फिरायला गेलेला. किल्ली त्याच्या खिशात.

"तीनचाकी!" भोंगा ओरडला.

उशा-गाद्या पोचवायची पायडलची तीनचाकी भिंतीला टेकून उभी होती. चौकशी मागच्या फळीवर चढली, तिच्यामागे शेपटी, तिच्यामागे–

"मला वर घ्या," आजोबा म्हणाले. एका हातात हातोडी.

"बाबा, तुम्ही कशाला?"

"तू पायडल मार."

काकांनी पायडल मारलं! पंगतीचं जेवण पोटात, फळीवर बाप, पुतणी आणि लेक, आणि मागून ढकलायला पोटचा पोरगा. पहिली गल्ली बरी गेली. दुसऱ्या गल्लीत चढ होता. अर्ध्या चढावर काकांचा चेहरा टोमॅटो झाला.

"बाबा, जोर लावा!" भोंगा मागून गर्जत होता.

"तू... बोलू... नकोस... ढकल!"

"सही केली होतीस का रे आत?" आजोबांनी फळीवरून शांतपणे विचारलं.

"नाही... हो... बाबा... नाही!"

"हं."

चढ संपला. समोर लांबलचक सरळ रस्ता आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला दवाखान्याची पाटी. पाटीखाली एक बाई शटर ओढत होत्या. शटर खाली आलं. त्यांनी कुलूप लावलं, बॅग उचलली आणि गाडीचं दार उघडलं.

"गेल्या!" शेपटी किंचाळली.

चौकशी मागे वळली. "भोंग्या! आयुष्यभर तुला हळू बोल म्हणून सांगितलं ना? आता नको बोलूस हळू!"

भोंग्याने तीनचाकी सोडली. दोन्ही हात तोंडाशी नेले. छाती फुगवली.

"डॉक्टरबाईईईईई! थांबाआआआ!"

दोन खिडक्या उघडल्या. एका झाडावरचे सगळे पक्षी उडाले. आणि रस्त्याच्या त्या टोकाला डॉक्टरीणबाईंनी बॅग खाली ठेवली, कानावर हात ठेवला आणि वळून पाहिलं.

तीन सोफे

तीन हिरवे सोफे भिंतीला लागून ओळीने. कुठला डावा होता, कुठला मधला, हे हमालांनी लक्षात ठेवलं नव्हतं, कोण ठेवणार?

"तिन्ही उघडतो," काका धापा टाकत म्हणाले.

"थांब," आजोबा म्हणाले. "आधीच भेदरलाय तो. चुकीचा सोफा उलथापालथा करशील, तेवढ्यात तो आणखी आत स्प्रिंगांमध्ये घुसेल. आधी त्यालाच विचारू." त्यांनी हातोडी उगारली. पण हात थरथरला आणि ठोका पडला ठक-ठठक. त्यांनी हाताकडे पाहिलं. मग हातोडी चौकशीकडे दिली.

"विचार."

ती पहिल्या सोफ्यापाशी गुडघे टेकून बसली. पायाच्या लाकडावर ठोकलं. ठक. ठक-ठक. काही नाही. दुसरा सोफा. ठक. ठक-ठक. काही नाही. तिसरा. ठक. ठक-ठक.

काही नाही.

डॉक्टरीणबाई काही बोलायला गेल्या. आजोबांनी नुसतं बोट वर केलं.

"पुन्हा," ते म्हणाले. "घाई नको. तो म्हातारा आहे. म्हाताऱ्यांना उठायला वेळ लागतो."

शेपटी जमिनीवर पालथी पडून दुसऱ्या सोफ्याखाली डोकं घालून बघत होती. चौकशीने पुन्हा ठोकलं, जेवणाच्या वेळी ठोकतात तसं, जसं काही झालंच नाही. ठक. ठक-ठक. आणि वाट पाहिली. किती वेळ, कोण जाणे.

"काळ्या कापडातून," शेपटी कुजबुजली, "काहीतरी पांढरं आलंय. छोटंसं. वाकडं."

"काय?"

"नख!"

काकांनी आणि भोंग्याने सोफा तसूभर तसूभर कलता केला. पिना उपटायचं काम चौकशीने केलं, एकेक करून, कोपऱ्याकडून. बाराव्या पिनेला कापड सुटलं. आत काळोख होता आणि काळोखात दोन डोळे.

तिने हात पुढे केला आणि तसाच ठेवला. ओढलं नाही. आधी तिच्या बोटांना ओल्या नाकाचा स्पर्श झाला. मग डोकं. मग फाटका कान. मग सगळा मुकादम बाहेर आला, मिशांना काथ्या, पाठीवर स्पंजाचा चुरा. तिच्या मांडीवर बसला आणि जो घुरघुरायला लागला, की फरशी घुरघुरते आहे असं वाटलं.

चौकशीने त्याच्या मानेत तोंड खुपसलं. दुपारपासून धरून ठेवलेलं रडू तिथे कोणाला दिसलं नाही.

"मी चार दिवसांनी येणार होते," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या आणि पाणी आणायला गेल्या.

पाणी पिऊन झाल्यावर मुकादम सोफ्यावर चढला. या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवणीवरून चालला, मधोमध बसला आणि काकांकडे पाहिलं.

"बघू नकोस रे असा," काका म्हणाले. त्यांनी डोळे पुसले. घाम असेल. "चुकलं माझं. मोठी माणसं आली की लहान जीवांचा विसर पडतो." मग ते चौकशीकडे वळले. "तू कागदावर सात नियम लिहिलेस. आणि मी त्या सगळ्यांच्या आधीचा, घरातला नियम मोडला. तुझा पहारा पक्का होता गं. भोक माझ्याकडून पडलं."

"आणि मी खोटं लिहिलं वहीत," भोंगा म्हणाला. खरोखर हळू म्हणाला! सगळ्यांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं.

सही

"सोफा बंद करायचा राहिलाय," आजोबा म्हणाले.

काकांनी हातोडी घ्यायला हात पुढे केला. आजोबांनी ती चौकशीच्या हातातच राहू दिली.

"हिने उघडलाय. हीच बंद करेल."

चौकशीला ते कापड कसं ताणायचं ते ठाऊक होतं. लहानपणापासून बघत आली होती. सुटलेली कड तिने आजोबांच्या खिशातल्या बारीक खिळ्यांनी ठोकत आणली. शेवटचा कोपरा उरला, तशी ती थांबली, आत हात घातला आणि चारी बाजूंनी सावकाश फिरवला. स्प्रिंगांच्या कडेने, पट्ट्यांच्या वरून, अगदी पार मागे.

बोटांना काहीतरी गार लागलं.

"काका," ती म्हणाली, "तुमची कात्री."

डॉक्टरीणबाई एवढ्या हसल्या की त्यांचे सगळे पांढरेशुभ्र दात दिसले. काकांनी कात्री नाडीला अडकवली आणि वर दोन गाठी मारल्या.

आजोबांनी खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला आणि तिच्यापुढे धरला. "आत. उजव्या बाजूला. जिथे आम्ही करतो."

तिने आत डोकं घालून लाकडावर आपलं नाव लिहिलं. हजेरीतलं नाही. *चौकशी.* जरा जागा उरली होती, म्हणून शेजारी *भोंगा.* शेपटीने हट्ट धरला, म्हणून तिने स्वतः येऊन लिहिलं, आणि जोडाक्षर नसल्यामुळे ते बिनचूक आलं.

शेवटचा खिळा बसला. आजोबा वाकले, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"बरं आहे," ते म्हणाले.

काकांनी भुवया उंचावल्या. "मला हे ऐकायला सात वर्षं लागली होती!"

सूचना (सुधारलेली)

घरी पोचल्यावर काय झालं ते सांगायलाच हवं. फाटकात पस्तीस माणसं उभी होती. आत्याने मुकादमला शालीत गुंडाळलं आणि तिन्ही मुलांना एकदमच मिठीत घेतलं, त्यात शेपटी जवळजवळ गुदमरली. मामा म्हणाले, "पोरगी आहे की पोलीस!" सगळे टाळ्या वाजवणार इतक्यात भोंगा ओरडला, "टाळ्या नकोत! जमीन हादरते! तो घाबरतो!" तेव्हा पस्तीस माणसांनी आपले हात हवेत नुसते हलवले. मग ती सगळी, आयुष्यात पहिल्यांदाच, चवड्यांवर चालत घरात शिरली.

मुकादम स्वेटरवर झोपला. त्याची गोळी दोन तास उशिरा, पण पोटात गेली. दार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी उठून बघते तर दारावरच्या कागदावर एक ओळ वाढली होती. अक्षर तिचं नव्हतं.

८. बंद करण्याआधी आत हात फिरवावा. घाई असली तर दोनदा.

खाली पेन्सिलने काकांची सही होती. काल राहिलेली.